फरशीला पाजलेलं पाणी

त्या काँक्रीटला पाणी मीच मारलं. पाइप लावून, मन लावून, एकही कोपरा कोरडा न ठेवता. वर अंगठ्याने पाइपचं तोंड दाबून छान फवारासुद्धा उडवला. नव्या काँक्रीटला पाणी मारावं लागतं हे आमच्याकडे शाळेत न गेलेल्यालाही माहीत असतं. घरकुलाचा कोबा झाला की घरातलं सगळ्यात निरुपयोगी माणूस त्या कामाला लावतात. त्या सकाळी सूर्यमाळवरच्या बाईंच्या साइटवर निरुपयोगी माणूस मीच होतो, त्यामुळे निवड चुकली असं काही म्हणता येणार नाही.

चूक एवढीच, की ते काँक्रीट नवं नव्हतं. ते थंडीत ओतलेलं होतं, त्याचं पाणी पिऊन केव्हाच झालं होतं, आणि होळीपासून ते नुसतं सुकवलं जात होतं. कारण त्याच्यावर लाकडी फरशी बसायची होती. ओल्या काँक्रीटवर फळ्या बसवल्या की त्या खालून ओल पितात, फुगतात आणि तळलेल्या पापडासारख्या वर येतात. हे सगळं मला नंतर कळलं. नंतर म्हणजे लगेचच, फरशी बसवणारा रोहिदास आला तेव्हा.

त्यात दिवस वैशाखाचे. अक्षय्य तृतीया नुकतीच झाली होती, खालच्या पाड्यावरची विहीर तळाला गेली होती आणि हंड्यात पाण्यापेक्षा गाळ जास्त येत होता. बाईंच्या साइटवर टँकर यायचा. टाकी भरून उरेल ते पाणी पाड्यावरच्या बायकांना द्यायचं, हा नेम बाईंनीच घालून दिलेला, आणि पाइप माझ्या हातात. त्या दिवशी मी बायकांच्या आधी काँक्रीटला पाजलं. रांगेत शेवटी रोहिदासची बायको सखी होती. तिच्यापर्यंत पाइप पोचला तेव्हा त्यातून फक्त हवा आली, तीही गरम. तिचे दोन हंडे रिकामे राहिले.

ती ओरडली नाही. हॉलच्या दारात उभी राहून त्या चकाकणाऱ्या काँक्रीटकडे बघत म्हणाली, "मास्तर, पोट भरला का हिचा? का आजून आनू?"

मी मास्तर नाही. मी डी.एड. केलंय, भरती निघाली की मास्तर होणार. भरती निघत नाही म्हणून लोक आधीच हाक मारून मोकळे झालेत.

तेवढ्यात रोहिदास जव्हारहून चिकटपट्टी घेऊन आला. दारात चप्पल काढली आणि एक पाय आत टाकता टाकता तिथेच थांबला. हॉलच्या मधोमध त्याने प्लॅस्टिकचा एक चौकोन चारी बाजूंनी पट्टी मारून चिकटवला होता. काँक्रीटमध्ये ओल उरली असेल तर प्लॅस्टिकला आतून घाम फुटतो. घाम फुटला नाही की समजायचं, सुकलं. गेल्या दोन खेपेला चौकोन कोरडा निघाला होता आणि उद्यापासून फळ्या बसायच्या होत्या. आता तो चौकोन तळ्यातल्या कमळाच्या पानासारखा दिसत होता.

"कोनी केला ह्या?" त्याने विचारलं.

सांगायची गरजच नव्हती, पाइप माझ्या हातात होता.

"तुळश्या," तो म्हणाला, "तू माझ्यावर जळतोस, ते मला म्हाईत होता. पन इतका?"

इथे माझी पंचाईत झाली. जळतो हे खरंच होतं. पाणी त्यासाठी मारलं नव्हतं हेही तितकंच खरं होतं. पण हे दुसरं पटवायचं तर भर साइटवर कबूल करावं लागणार, की जव्हारच्या कॉलेजात जाऊन आलेला हा तुळशीदास काँक्रीट नवं की जुनं एवढंही न विचारता पाणी मारत सुटला. खुनशी ठरावं की मूर्ख? असे निर्णय माणसाने घाईत घेऊ नयेत, म्हणून मी गप्प बसलो. गप्प बसलेल्याला लोक खुनशीच धरतात. खोटं कशाला बोलू, त्यात जराशी प्रतिष्ठाही वाटली.

आता का जळतो, ते सांगतो.

रोहिदास आणि मी मोखाड्याच्या शाळेत एका वर्गात. मी पहिल्या बाकावर, वर्गाचा मॉनिटर. तो जूनमध्ये यायचा आणि दिवाळी झाली की दिसेनासा व्हायचा. त्याचा बाप सुकऱ्या आधी जंगलात कोळसा पाडायचा. ते बंद झालं तसा बायकापोरं घेऊन भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जायला लागला. त्यांना जमिनीचा तुकडा नाही. आम्हाला डोंगराच्या उतारावर नाचणी-वरईपुरता आहे, आणि त्या उतारावर उभे राहून आम्ही त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वरून बघत आलो. गणित सोपं होतं: मी पुढे जाणार, रोह्या मागे राहणार. कुणाला विचारायचीही गरज नव्हती.

मग रोह्या ठाण्याला गेला. उंच उंच इमारतींत लाकडी फरश्या बसवणाऱ्या एका ठेकेदाराकडे खोकी उचलायला लागला. मजुराला लिफ्ट नाही, म्हणून खोकं खांद्यावर आणि जिना पायाखाली. बराच काळ नुसतं तेच. मग एकदा फळी कापायला दिली. मग बसवायला. आणि आमच्या भरतीची जाहिरात यायची होती तोवर रोह्या कारागीर होऊन गावी परत आला, गुडघ्यांना काळ्या गाद्या बांधून.

त्या गाद्यांबद्दल बोलायलाच हवं. फरशीवाल्याला दिवसभर गुडघ्यांवर रांगायचं असतं, म्हणून त्या बांधतात. काम संपलं की सोडतात. रोहिदास सोडत नसे. मोखाड्याच्या आठवडे बाजारात तो त्या गाद्यांसकट सुके बोंबील घ्यायचा. खिशात लेव्हल मापायची छोटी पट्टी, मधल्या काचेत हिरवं पाणी आणि त्यात एक बुडबुडा. कुठेही बसला की पट्टी काढून ठेवायचा. लाडक्याच्या चहाच्या टपरीवरच्या बाकड्यावर ठेवली आणि म्हणाला, "लाडक्या, लेव्हल नाय. तुझा चाय एका साइडला पळतो." लाडक्याने इतकी वर्षं आमच्या पिढीला त्याच बाकड्यावर चहा पाजला, कुणी तक्रार केली नव्हती. दुसऱ्या दिवशी बाकड्याच्या पायाखाली फरशीचा तुकडा. मी त्याच बाकड्यावर बसून रेल्वेपासून तलाठ्यापर्यंत सगळ्या परीक्षांचा अभ्यास केला, पण माझ्या सांगण्यावरून लाडक्याने साखरही कधी कमी केली नाही.

त्यात या बाई. बाई नाशिकच्या, नाच शिकवतात. सूर्यमाळवर त्यांनी जागा घेतली, मुलींना घेऊन येऊन राहायला. नाचायचा हॉल लाकडी हवा, काँक्रीटवर नाचून गुडघे जातात, असं त्यांचं म्हणणं. साइट सांभाळायला मी. पण बाई आल्या की, "रोहिदास, तुला काय वाटतं, फळ्या उभ्या घ्याव्यात की आडव्या?" आणि माझ्याकडे वळून, "तुळशीदास, चावी?" माझ्या आईला हे कुणीतरी सांगितलं. तेव्हापासून मी जेवायला बसलो की ती नुसतं म्हणते, "रोहिदासच्या गुडघ्यांना काय बांधलेलं असतं रे?"

त्याच्या फळ्यांवरसुद्धा मी जळायचो. खोकी फोडून त्या शेजारच्या खोलीत मांडून ठेवल्या होत्या, मध्ये फटी राखून. "त्यांना इकडची हवा लागू दे," तो म्हणाला, "मग बसवायच्या. नायतर रुसतात." लग्नघरी आलेल्या व्याह्यांसारख्या त्या फळ्या आठवडाभर काही काम न करता सावलीत लोळत होत्या आणि सगळे त्यांना सांभाळून चालत होते. मीही नेमकं हेच करत होतो, पण मला लोक सांभाळून चालत नव्हते.

गंमत म्हणजे त्या फळ्यांवर जळणारी आणखी एक होती. सखी. ती सगळ्यांना सांगायची, "ठान्यात माझी सवत हाय. लाकडाची. हा तिच्यापुढं गुडघे टेकतो, तिला पुसतो, तिच्या अंगावरनं हात फिरवतो. माझ्या अंगनाला कदी शेन लावू लागला का?" एकदा ती हट्टाने ठाण्याला गेली होती, नवऱ्याने केलेली फरशी बघायला. खालीच वॉचमनने अडवलं. शेवटची फळी बसली की कारागिरालाही त्या घरात परत जाता येत नाही, मग त्याच्या बायकोला कोण सोडतो? खालच्या फाटकाशी बसून तिने भाकर खाल्ली आणि परत आली. बाईंचा हॉल ही रोह्याची पहिली फरशी, जी तो सखीला दाखवू शकणार होता. आणि ठेकेदाराशिवाय स्वतःच्या नावावर घेतलेली तर पहिलीच.

बाईंचा शब्द असा होता: हॉल नीट झाला तर दिवाळीनंतर पाहुण्यांच्या खोल्यांचं कामही रोहिदासचं. म्हणजे दिवाळीनंतर त्याला ठाणं नको, आणि सखीला, म्हाताऱ्या सुकऱ्याला भट्टी नको. आणि त्यांची मुलगी टीना. ती चौथीत जाणार होती, आणि बापासारखंच तिचंही नाव दरवर्षी दिवाळीनंतर हजेरीतून गळायचं. फरशी झाली तर गळणार नव्हतं. इतकं सगळं त्या सुक्या काँक्रीटवर उभं होतं, आणि मी त्यावर फवारा उडवला.

शिवाय थांबायलाही वाव नव्हता. बाई पौर्णिमेला मुलींना घेऊन येणार होत्या. आणि जून लागला की सूर्यमाळवर ढग खिडकीतून आत येऊन बसतात. मग लाकूड बसवायचं ते थेट दिवाळीनंतर.

बातमी मोखाड्यात माझ्याआधी पोचली. लाडक्याने चहा ठेवता ठेवता विचारलं, "काय मास्तर, पान्यानं पन आग लावता येते म्हनं?" बाकड्यावर बसलेले सगळे हसले. बाकडं आता लेव्हलमध्ये असल्यामुळे सगळे सारखेच हसले.

मग बाईंचा फोन आला. आमच्या साइटवर रेंज येते ती फक्त टाकीमागच्या खडकावर, आणि त्याच खडकाच्या सावलीत बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघत असतात. त्यामुळे सूर्यमाळवर खाजगी बोलणं असा प्रकार नाही.

"तुळशीदास, फळ्या बसायला लागल्या का?"

"नाही बाई."

"का? रोहिदास तर म्हणाला होता, अक्षय्य तृतीया झाली की लगेच." बाईंनी आवाज खाली आणला. "हे बघ, तू शिकलेला आहेस. मला खरं सांग. त्याला जमतंय ना? नाशिकचा एक माणूस आहे माझ्याकडे. नसेल जमत तर उद्याच पाठवते."

'तू शिकलेला आहेस' हे बाई मला पहिल्यांदाच म्हणत होत्या. इतके दिवस ज्याची वाट बघितली ते वाक्य चालून आलं होतं, आणि त्याच्या पाठोपाठ रोह्याला उडवायची संधीही. खोटं बोलायचीसुद्धा गरज नव्हती. 'बघा बाई, तुम्हाला वाटेल तसं' एवढं म्हटलं तरी पुरे. नाशिकचा माणूस आला असता, काळ्या गाद्या परत ठाण्याला गेल्या असत्या, आईने जेवताना दुसरा विषय काढला असता. मी मागे बघितलं. बायकांनी कान टवकारले होते. सखी हंडा पालथा घालून त्यावर बसली होती. माझ्याकडे बघत नव्हती, रस्त्याकडे बघत होती.

"बाई, त्याला जमतंय," मी म्हणालो. "काँक्रीट ओलं झालंय. पाणी मी मारलं."

"सुकलेल्या काँक्रीटवर? मुद्दाम?"

"नाही हो बाई. मुद्दाम करायला अक्कल लागते."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळ्याच. सखी तर इतकी हसली की हंडा तिच्याखालून घरंगळला. माझी खुनशी म्हणून झालेली सगळी प्रतिष्ठा त्या हंड्याबरोबर उतारावरून गडगडत गेली.

बाई हसल्या नाहीत. "मी पौर्णिमेला येणार, ते ठरलंय. फरशी झालेली असली तर खोल्या रोहिदासच्या. नसली तर नाशिकचा माणूस. आणि तुळशीदास, तू आता पाइपला हात लावायचा नाहीस. पाइप सखीकडे दे."

मी पाइप सखीकडे दिला. तिने तो हार घ्यावा तसा गळ्यात घेतला. "माझं दोन हंडं मात्र तुझ्याकडं राहिलं हां," ती म्हणाली. "पाइप मिळाला म्हनून ते फिटलं नाय."

आता काँक्रीट सुकवायचं कसं? दारं-खिडक्या उघड्या टाकल्या, बाईंचे दोन पंखे लावले. पंखे फिरले, तेवढ्यात वीज गेली आणि ती परत यायची राहिली. रोहिदास चौकोन चिकटवायचा, दुसऱ्या सकाळी उचलायचा, आणि आतून घाम. तो प्लॅस्टिककडे बघायचा, मग माझ्याकडे. मला त्या प्लॅस्टिकपेक्षा जास्त घाम फुटायचा.

समोरच्या उतारांवर तेव्हा राब भाजणं चाललं होतं. पेरणीआधी शेताच्या तुकड्यावर पालापाचोळा पसरून जाळतात, तो धूर सगळ्या डोंगरांवरून उठत होता. सुकऱ्याबाबा ओट्यावर बसून तिकडे बघत म्हणाला, "हिच्यावर पन राब भाजा. कोरडी ठनठनीत व्हईल."

"बाबा, तडकंल ती," रोहिदास म्हणाला. "काँक्रीट हाय, शेत नाय."

"मंग आग लांब ठेव. शेकव तिला. बाळंतिनीला शेकतात तशी."

हे मात्र रोहिदासला पटलं. विटा मांडल्या, विटांवर घमेली, घमेल्यांत कोळशाचे निखारे. सकाळी हॉल शेकायचा, दुपारी निखारे बाहेर काढून दारं सताड उघडायची, म्हणजे वर आलेली ओल वारा घेऊन जाईल. कोळसा पाडायचं काम सुकऱ्याबाबाचं. किती तरी वर्षांनी त्याने ते काढलं आणि दोन दिवस तो तरुणासारखा फिरत होता. घमेली उचलायचं काम अर्थातच माझं.

"खिडकी लावू नको रं पोरा," तो मला बजावायचा. "धूर नाय म्हनून भुलू नको. लाकूड वरडून मारतं. कोळसा गुपचूप मारतो." आणि मी भुवया जाळून घेत फुंकत असताना वर सांगायचा, "माझ्या पोरानं ठान्याला पार ढगात फरशी केलीय. ढगात! तू गेलास का कदी?"

"नाही बाबा."

"तेच तं."

एका दुपारी दारं उघडून रोहिदास आणि मी उंबऱ्यावर बसलो होतो. मी हातावरचे फोड बघत होतो. तो म्हणाला, "तुला काय वाटतं, तुलाच जळता येतं?"

"तू कुणावर जळणार? बुडबुड्यावर?"

"तुझ्यावर. भट्टीवर विटा उलट्या करताना मला एकच याद यायची. आता हजेरी चालू असंल, आता तुळश्याचं नाव आलं असंल. मला मार्चमध्ये 'हजर' बोलायचं होतं. एकदा तरी."

"मार्चमध्ये परीक्षा असते, शहाण्या. त्यात काय सुख?"

"म्हनूनच जळतो," तो म्हणाला. "तुला त्यात काय दिसतच नाय."

जळण्यातसुद्धा तो माझ्यापेक्षा बरं जळत होता.

पौर्णिमा अगदी दारात आली तेव्हा एका सकाळी त्याने चौकोन उचलला. आतून कोरडा. दुसऱ्या कोपऱ्यातला उचलला, तोही कोरडा. त्याने गुडघ्यांच्या गाद्या आवळल्या आणि तो कामाला लागला.

आधी पूर्ण काँक्रीटवर जाड प्लॅस्टिक अंथरलं, मग त्यावर फोमचा पातळ थर. मग उजेडाच्या दिशेने पहिली रांग. एका फळीची कड दुसरीच्या खाचेत सरकवायची, लाकडाचा ठोकळा लावून वरून हातोडीने टक टक करायचं, की फट मिटते. मी बारीक लक्ष ठेवून होतो आणि मला लवकरच हवं ते सापडलं. भिंत आणि फळी यांच्यात बोटभर जागा सुटली होती.

"रोह्या," मी आनंदाने ओरडलो, "तुझी फळी भिंतीला पोचली नाही!"

"पोचवायची नसते. पावसात फुगनार ती. सरकायला जागा नाय ठेवली तर मधनं उठून बसंल." त्याने डोळे मिचकावले. "सखीबरोबर संसार केलाय मी. जागा कुठं सोडायची मला म्हाईत हाय. वर पट्टी ठोकली की फट दिसत नाय."

मग मीही हट्ट धरला, की एक तरी फळी मी बसवणार. त्याने दिली. मी ठोकळा न लावताच हातोडी मारली आणि फळीची कड उडाली. त्याने ती निमूट उचलली, मोडकी बाजू कापून टाकली आणि उरलेला तुकडा कपाटाच्या जागेखाली घातला. "हिकडं कोन बघत नाय," म्हणाला. सूर्यमाळच्या त्या हॉलमध्ये माझं योगदान आजही कपाटाखाली आहे.

शेवटची रांग बसली ती पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, ऊन कलताना. उतरतं ऊन खिडक्यांतून आत आलं आणि सगळी फरशी मधासारखी पेटली. सुकऱ्याबाबा दारातून बघत बराच वेळ नुसता "आयला" म्हणत राहिला. रोहिदास पाड्याकडे तोंड करून ओरडला, "सखे! ए सखे! ये, बघ!"

ती आली. बाजूच्या बायकाही आल्या. ती उंबऱ्यापर्यंत आली आणि रोहिदासच्या तोंडून सवयीने गेलं, "पाय धुवून ये हां."

सखी थांबली. खाली स्वतःच्या पायांकडे बघितलं. दिवसभर विहीर ते पाडा केलेले पाय, लाल मातीने घोट्यापर्यंत भरलेले. टँकर त्या दिवशी आला नव्हता.

"पाय धुवायला पानी कुठाय?" ती म्हणाली. "पानी तुळशीभावानं हिलाच पाजलंय." बायका हसल्या, पण ती हसत नव्हती. "राहू दे. दिसली इथनं. माझी शेनाची हाय, पन ती पाय नाय इचारत."

ती वळली. रोहिदासचं तोंड असं झालं, जणू ठाण्याच्या फाटकावर तिला अडवणारा वॉचमन तोच होता. मग त्याने खांद्यावरचा गमछा काढला, सकाळपासून एकेक फळी पुसलेला तोच, आणि उंबऱ्यावर गुडघे टेकले. सखीचा एक पाय हातात घेतला. पुसला, टाचेपासून बोटांच्या बेचक्यांपर्यंत, सावकाश, फट राहू नये तसा. मग दुसरा. तिच्या सासऱ्यासमोर, सगळ्या पाड्यासमोर.

"सोड रं," ती म्हणाली. "लोक बघतात."

"बघू दे. आत चल."

ती आत गेली. आधी एक पाय ठेवला, मग अंगठ्याने दाबून बघितलं, मग खोलीच्या मधोमध जाऊन उभी राहिली. जिथे चौकोन चिकटवलेला असायचा तिथेच. पायाने दोनदा ठोकलं. "कोमट हाय रं," ती म्हणाली, आणि मग मोठ्याने, फरशीलाच, "सवतीबाई, बस आता आपल्या जागी."

त्या दिवसापर्यंत मी त्याच्या पगारावर जळलो होतो, गाद्यांवर, बुडबुड्यावर, बाईंच्या 'तुला काय वाटतं'वर. ते सगळं लाडक्याच्या चहासारखं होतं, फुळकवणी. खरा मी जळलो तो त्या गमछ्यावर. माझं लग्न व्हायचंय. आणि झालं तरी उंबऱ्यावर गुडघे टेकायचं सुचायला आधी गुडघ्यांची सवय लागते.

बाई पौर्णिमेला आल्या. मुलींनी चपला भिरकावल्या आणि ठेका धरला. बाईंनी टाळ ऐकावा तसा तो आवाज डोळे मिटून ऐकला आणि म्हणाल्या, "रोहिदास, खोल्यांचं माप कधी घेतोस?" मग माझ्याकडे वळून, "तुळशीदास, चावी?"

दिवाळी गेली. पाड्यावरून भट्टीच्या गाड्या भरून गेल्या. रोहिदासच्या दाराला कुलूप लागलं नाही. तो आता रोज टीनाला मोटरसायकलवरून शाळेत सोडतो आणि लगेच निघत नाही. कुंपणापाशी, चौथीच्या वर्गाच्या खिडकीखाली गाडी उभी करून थांबतो. आतून नावं येत राहतात. टीनाचं "हजर" ऐकू आलं की किक मारतो. परवा मार्च लागला. शाळेसमोरच्या लाडक्याच्या बाकड्यावरून मी बघत होतो. "हजर" आलं, तरी त्याने किक मारली नाही. बराच वेळ तसाच बसून राहिला. लाडक्या म्हणाला, "मास्तर, चाय गार होतोय." मी म्हणालो, "होऊ दे, मी जळतोय."

माझ्याकडे मात्र सखीचे ते दोन हंडे राहिलेत. श्रावणात मी ते फेडायला गेलो होतो; दोन हंडे काठोकाठ भरून तिच्या दारात ठेवले. तिच्या पागोळ्यांखाली तेव्हा घमेली, डबे, टोपली, सगळं भरून वाहत होतं. तिने माझ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

"पावसात पानी आनलंस? आक्कल आजून वाटंतच हाय वाटतं तुझी." मग हंडे अंगणात रिकामे करून परत माझ्या हातात दिले. "वैशाखातलं घेतलंस, वैशाखातच दे. टँकरचं नको हां, तो पाइप माझाच हाय. खालच्या विहिरीवरनं आन. डोक्यावर."

आता विहीर परत खाली जायला लागली आहे. दोन हंडे मी घासून ठेवलेत. आईकडून चुंबळ करून घेतली. ती डोक्यावर ठेवून, वर भरलेला हंडा घेऊन घरातल्या घरात चालून बघतो, पण हंडा अजून उंबऱ्याच्या पुढे येत नाही.